बाबांचं मणक्याचं ऑपरेशन: नुसती नस मोकळी करायची की स्क्रू पण?

कृष्णाकाठ:
मंडळी, बाबा ६९ चे, चालायला लागले की दोन्ही पाय भरून येतात, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाताना पण मध्ये कट्ट्यावर टेकावं लागतं, बसले की लगेच बरं, आणि सायकल मात्र मजेत चालवतात! एमआरआयमध्ये कमरेच्या एल४-एल५ मणक्यांपाशी सिव्हिअर स्टेनोसिस, म्हणजे नसांची जागा खूपच अरुंद झालीये, आणि मणका किंचित सरकलाय. गोळ्या, फिजिओ, इंजेक्शन सगळं करून झालं. एक सर्जन म्हणतात डीकम्प्रेशन, म्हणजे नुसती नस मोकळी करणं, पुरे, दुसरे म्हणतात फ्यूजनच करा, म्हणजे स्क्रू टाकून मणके जोडायचे, त्याचा खर्च कितीतरी जास्त. आई तर मणक्याला हातच लावायचा नाही म्हणून अडून बसलीये.

फिजिओताई:
सायकल जमते कारण पुढे वाकलं की नसांच्या कॅनलमध्ये जरा जागा होते. डीकम्प्रेशन म्हणजे लॅमिना, मणक्याची मागची कमान, थोडी किंवा पूर्ण काढायची, जाड झालेलं लिगामेंट काढायचं, नसा मोकळ्या. दुर्बिणीतून केलं तरी काम तेच, छेद लहान एवढंच. स्क्रूचा प्रश्न मणका हलतोय का यावर बराच अवलंबून. उभ्याने, पुढे-मागे वाकून एक्सरे काढलेत का?
२०१६ मध्ये स्वीडनचा २४७ पेशंटचा अभ्यास आला, त्यात मणका सरकलेलेही होते, दोन वर्षांनी फ्यूजनवाल्यांना जास्त फायदा दिसला नाही. तेव्हाच अमेरिकेतला ६६ जणांचा आला त्यात फ्यूजन थोडं सरस, पुन्हा ऑपरेशनही कमी लागलं. त्यामुळे दोघांपैकी कुणी फसवतंय असं लगेच धरू नका.

चहाबाज:
सासूबाईंचं नुसतं लॅमिनेक्टॉमी (लॅमिना काढायचं डीकम्प्रेशन) केलं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या. पायातली कळ गेली, आता देवळापर्यंत न थांबता जातात, पण कंबर अजून धरते आणि तळव्यांच्या मुंग्या तशाच, शुगर पण आहे म्हणा. ऑपरेशन पायासाठी असतं, कंबरेसाठी नाही, हे आधीच कुणी सांगितलं असतं तर घरात इतकी चिडचिड झाली नसती.

फिजिओताई:
अगदी. आणि कृष्णाकाठ, लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.

कृष्णाकाठ:
तसलं काही नाही सध्या. एक्सरे झोपवूनच काढलाय, वाकवून नाही! सोमवारी दुसऱ्या सर्जनना आधी तेच विचारतो. आईला पण सोबत नेतो.