मदत हवी आहे: गॅस गिझर पेटून लगेच विझतो, ज्योत पिवळी

६ लिटरचा इन्स्टंट गिझर, एलपीजीवरचा, बाथरूमबाहेर गॅलरीत बसवलेला. नळ सोडला की ठिणगी पडते, बर्नर पेटतो आणि १०-१५ सेकंदांत विझतो. दीड व्होल्टचे दोन्ही मोठे सेल नवे घातलेत. पाण्याच्या इनलेटची जाळी धुतली, धार जोरात आहे. रेग्युलेटर आणि नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडे नाहीत. डायफ्रामवर (पाण्याच्या दाबाने सरकून ठिणगी चालू करणारा रबरी पडदा) माझा संशय नाही; तो फाटला असता तर ठिणगीच पडली नसती.

खरी काळजी ज्योतीची. ती निळी हवी, इथे टोकं पिवळी आहेत आणि वरच्या तांब्याच्या पात्यांवर काजळी धरलीय. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वासही नसतो. म्हणून रेग्युलेटर बंद करून ठेवलाय.

बर्नर आणि पाती ब्रशने साफ करून भागेल, की ज्योत ओळखणारी सेन्सरची काडीही बारीक पॉलिश पेपरने घासावी? चुकून पीएनजीचे (पाइपने येणाऱ्या गॅसचे) मोठे जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोट्या, बसले असतील का, हे कसं ओळखायचं? बोअरचं पाणी जड आहे. कॉइलमधला क्षार काढायला सायट्रिक ॲसिड किती लिटरला किती घ्यावं, किती वेळ ठेवावं? जेट मात्र कंपनीच्या मेकॅनिककडूनच उघडून घेणार आहे.