पेपर बंद करताना आलेले अनुभव

शेवंती

काल दुपारी बँकेचा मेसेज आला. अमुक ई-पेपरची वर्षाची वर्गणी उद्या कापली जाईल, नको असेल तर इथे जा. आईसाठी घेतला होता, पण ती कधीच परत छापील पेपरवर गेलीय. लिंक उघडली, ओटीपी टाकला, संपलं. चहा गार व्हायच्या आत. आणि एकदम न्यू जर्सीतला तो फोन आठवला.

२०१७ च्या आसपासची गोष्ट. तिथल्या एका मोठ्या वृत्तपत्राची डिजिटल वर्गणी घेतली होती. सुरुवातीला आठवड्याला डॉलर, मग हळूच वाढलेली. घेताना रात्री अकरा वाजता पलंगावर पडल्या पडल्या घेतली. बंद करायला मात्र फोनच करायचा, तोही त्यांच्या ऑफिसच्या वेळात. जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून लावला. पलीकडची बाई इतकी गोड की रागावताही येईना. का बंद करताय? वाचून होत नाही. काय आवडतं तुम्हाला? स्वयंपाकाचं पान. अगं मग तेवढ्यासाठी तरी ठेव, अर्ध्या किमतीत देते! नको. बरं, पाव किमतीत? नको. मग निदान थोडे महिने थांबवून ठेवूया? पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी जिलबी पडतेच, तसं चाललं होतं. सँडविच राहिलं, सुट्टी संपली, पण शेवटी बंद केला.

आमच्याकडे पेठेत हे कसं व्हायचं? बाबा जिन्यात पेपरवाल्या काकांना सांगायचे, "उद्यापासून पेपर नको, आम्ही कोकणात जातोय, आल्यावर सांगतो." आई कालनिर्णयवर खाडे मांडायची, दुधाचे निळ्या पेनाने, पेपरचे लाल. महिन्याच्या बिलातून ते पैसे वजा. काकांनी "का?" असं कधी विचारलं नाही.

तुमचे अनुभव लिहा. ई-पेपर, छापील, मासिक, काहीही चालेल. पेपरचं नाव नका लिहू, उगाच वाद.

आमसूल

जिलबी!! :D :D

मी शेवटी "मी देश सोडून चाललेय" असं ठोकून दिलं. तर म्हणे, मॅडम, डिजिटल आहे, भारतातही दिसेल.

बे_एरियाकर

आमसूल, हाहा.

आम्हा कॅलिफोर्नियावाल्यांची चैन आहे. इथे १ जुलै २०१८ पासून कायदा आहे की वर्गणी ऑनलाइन घेतली असेल तर ऑनलाइनच बंद करता आली पाहिजे, फोनची सक्ती नाही. माझा मेहुणा बॉस्टनला. त्याला कोणीतरी युक्ती सांगितली म्हणून त्याने खात्यावरचा पत्ता बदलून माझा टाकला. तेच खातं, तेच पान, आणि पत्ता बदलल्याबरोबर रद्द करायचं बटण उगवलं! म्हणजे बटण तयार होतंच, फक्त ज्याला कायद्याने दाखवावं लागतं त्यालाच दाखवत होते. मला हे फोनपेक्षाही चीड आणणारं वाटलं.

मेहुणा सुटला. त्याच्या नावाने दातांच्या दवाखान्यांची पत्रकं अजून माझ्याकडे येतात.

सगळ्या अमेरिकेसाठी असा नियम एफटीसीने (म्हणजे तिथली ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला होता. घ्यायला जितकं सोपं तितकंच सोडायला सोपं हवं, असा. तो पूर्ण लागू व्हायला आठवडाही उरला नव्हता, आणि जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टाने रद्द केला. नियम करताना एफटीसीने प्रक्रिया नीट पाळली नाही म्हणून.

टकाटक

हे वाचून लगेच फोनमध्ये जाऊन बघितलं. एक पाककृतींचं ॲप, एक योगासनांचं आणि एक कसलंय तेच कळेना. रविवार सत्कारणी लागला. धन्यवाद शेवंती.

जुना_गडी

कोणता पेपर होता ते निदान व्यनि (खाजगी निरोप) करा की ;)

शेवंती

जुना_गडी, नाही :)

दादरकर

शेवंती, तुमचे काका "का?" विचारत नव्हते ते बरोबर आहे. पण घरी आल्यावर सांगायचे हो! माझ्या वडिलांची पेपरची लाईन होती. पहाटे चारला जाऊन गठ्ठे उचलायचे, फुटपाथवर बसून पुरवण्या घालायच्या, मग पोरांना इमारती वाटून द्यायच्या. शाळेत असताना मीही टाकलेत. वडील दुपारी जेवताना आईला सगळा वृत्तांत द्यायचे. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी इंग्रजी बंद केला, म्हणजे मुलगा हॉस्टेलला गेला. मधल्या विंगेतले आता फक्त रविवारचा घेतात, म्हणजे साहेब रिटायर झाले. कोणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना पेपरवरून कळायचं.

आणि "उद्यापासून नको" असं तोंडाने सांगणारी माणसं कमीच बरं का. बरेच जण बिलाच्या दिवशी दारच उघडत नसत. आत टीव्ही चालू, आणि आम्ही बाहेर पावती पुस्तक घेऊन. काही जण दोन महिन्यांचं बिल ठेवून जागा सोडून जायचे. तेव्हा ऑटोपे असता तर वडिलांनी पेढे वाटले असते.

मग वार्षिक योजना आल्या. वर्षाचे पैसे कंपनीकडे आगाऊ, घरात एक बॅग किंवा डब्यांचा सेट, आणि आम्हाला दर महिन्याला गिऱ्हाइकाकडून एकेक कूपन. ते कूपन मागायला गेलं की "थांबा हं, कुठे ठेवलंय बघते". तो पेपर मधेच बंद करायचा तर गिऱ्हाईक आम्हाला सांगणार, आम्ही एजंटला, एजंट कंपनीला. कोणालाच बंद करता यायचा नाही. लोक न वाचताच रद्दीत टाकायचे.

२०२० च्या मार्चअखेरीस मुंबईत पेपर यायचेच बंद झाले. पुन्हा सुरू झाले तेव्हा अर्ध्या सोसायट्या वर सोडेनात. तोवर लोकांना व्हॉट्सॲपवर फुकट पीडीएफची सवय लागलेली. आमच्या लाईनीतली कितीतरी घरं तेव्हा गेली ती गेलीच, "बंद करा" असं एकानेही सांगितलं नाही. वडिलांनी पुढच्या वर्षी लाईन दुसऱ्याला दिली. आता ते टॅबवर ई-पेपर वाचतात आणि पुरवणी वेगळी का नाही म्हणून कुरकुरतात.

जरा जास्तच लांबलं. लोकलमध्ये उभ्याने लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

खिडकीतली

दादरकर, किती छान लिहिलंत. वेगळा लेखच लिहा.

माझं म्हणणं एवढंच की ई-पेपरवर मिरच्या वाळत घालता येत नाहीत. कपाटाच्या फळीवर अंथरता येत नाही, काचेची भांडी गुंडाळता येत नाहीत. म्हणून आमच्याकडे छापील अजून चालू आहे. वाचतं कोण ते विचारू नका.

रावसाहेब_नागपूर

कामाचं सांगतो, कारण दर वेळी कोणीतरी फसतंच. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही!! प्ले स्टोअरमधून पैसे भरले असतील तर तिथेच, वर कोपऱ्यातला आपला गोल फोटो दाबून, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव, त्याच्या आत सबस्क्रिप्शन्स. यूपीआयवरून असेल तर त्या ॲपमधलं ऑटोपेचं पान शोधा, तिथून मँडेट (पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी) रद्द होतं. पेपरच्या साईटवर बटण शोधत बसायची गरजच नाही.

शेवंतीताईंना आलेला मेसेज ही पेपरवाल्यांची मेहेरबानी नव्हे. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाला. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवायचं आणि तिथूनच नाही म्हणायची सोय द्यायची. रक्कम १५,००० च्या वर असेल तर दर वेळी ओटीपी (आधी ही मर्यादा ५,००० होती). तेव्हा किती जणांची परदेशी साईटवरची पेमेंटं अडकली होती, आठवतंय? आम्ही पण शिव्या घातल्या होत्या.

मुक्ता_सातारा

आमच्या आजोबांचा किस्सा. वय ७८, ई-पेपर मीच घेऊन दिला होता. मोठ्या अक्षरात वाचता येतो म्हणून आधी खूश. मग डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्क्रीन कमी करा म्हटलं, तर म्हणाले बंद करून टाक. मी पुण्यात, परीक्षा चालू. म्हटलं रविवारी येऊन करते. त्यांना कुठला दम निघतोय!

साताऱ्यातल्या कार्यालयात गेले. तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, ते डिजिटलचं आमच्याकडे नसतं, ते वरून होतं." वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही माहीत नव्हतं. मग ॲपमध्ये स्वतःच खटपट. तिथे एक चॅट. आजोबा मराठीत विचारतायत, ते इंग्रजीत माफी मागतंय. शेवटी एक पान सापडलं, त्यावर दोन बटणं. मोठं निळं, "हो, मला जाणकार राहायचंय". खाली फिकट बारीक अक्षरात, "नको, मला बातम्यांची गरज वाटत नाही". आजोबा भडकले. १९६२ पासून रोज पेपर वाचणारा माणूस, मी असं कशाला लिहून देऊ म्हणाले! बटण दाबलंच नाही.

फूलस्केप काढला. प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: वर्तमानपत्र बंद करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून... खाली सही, तारीख, स्थळ. शेजारच्या मुलाकडून फोटो काढून ईमेल केला. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन. आजोबा, तुमचा अर्ज मिळाला, बंद केलंय, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत येतील. आले पण!

आणि फोन ठेवता ठेवता हे तिला विचारतात, रविवारची पुरवणी तेवढी चालू ठेवता येईल का 🤦‍♀️

आमसूल

आजोबांना साष्टांग __/\__ "उपरोक्त विषयास अनुसरून"!!

रावसाहेब_नागपूर

मुक्ता, ते दोन बटणांचं जे लिहिलंस ना, ते आता नियमाविरुद्ध आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल (म्हणजे साईट-ॲपवर गिऱ्हाइकाला फसवायच्या क्लृप्त्या) मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात असे १३ प्रकार आहेत. गिऱ्हाइकाला खजील करून थांबवणं हा एक, आणि वर्गणीतून बाहेर पडायची वाट मुद्दाम अवघड करणं हा दुसरा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार करता येते. आजोबांना सांग, आणखी एक अर्ज.

मुक्ता_सातारा

नको काका, त्यांना नंबर कळला तर दिवसभर तेच करत बसतील.

श्टुटगार्टवासी

जर्मनीत जुलै २०२२ पासून वर्गणी विकणाऱ्या प्रत्येक साईटवर करार रद्द करायचं बटण स्पष्ट दिसेल असं ठेवावंच लागतं, लॉगिन न करताही. त्याआधी काय होतं विचारू नका. मुदतीच्या तीन महिने आधी पत्र टाकायचं, एक दिवस उशीर झाला की आणखी एक वर्ष. आमचा शेजारी रजिस्टर पोस्टाच्या पावत्या फाईल करून ठेवायचा. अजूनही ठेवतो म्हणा, बटणावर विश्वास नाही त्याचा.

कोरा_कागद

थोडा वेगळा सूर लावतो. मी काही वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो. सगळे बंद करण्याबद्दलच लिहिताय, पण पैसे देऊन वाचणारे मुळात किती? तालुक्याच्या वार्ताहराला किती मानधन मिळतं ते सांगितलं तर लाज वाटेल. छापील पेपर खर्चापेक्षा कमी किमतीत विकला जातो, वरचा भार जाहिराती उचलतात. त्या गेल्या मोबाइलवर. मग वर्गणीदार धरून ठेवण्याची धडपड होणारच. बटण लपवणं चूकच आहे, त्याचं समर्थन नाही. पण सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सहा पेपरांच्या पीडीएफ टाकणाऱ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

खिडकीतली

आमच्या ग्रुपवर टाकतात ते चेअरमनच आहेत :(

बे_एरियाकर

कोरा_कागद, मान्य. पण उलटंही बघा. मला दारातच कोंडून ठेवलंत तर मी पुन्हा त्या दारात येणार नाही. निवडणुकीच्या वर्षात मी एक वर्गणी घेतो आणि नंतर सोडतो. सोडणं सोपं आहे म्हणूनच दर वेळी परत घेतो. माझ्यासारखे बरेच असतील.

कोरा_कागद

हे आमच्या वितरणवाल्यांना पटवून दाखवा, मी हार घालतो.

दादरकर

कोरा_कागद, मानधनाचं खरं आहे. आमच्याकडे बातमी द्यायला येणारे एक वार्ताहर वडिलांकडून पेपर उधारीवर न्यायचे.

टकाटक

ते तिसरं ॲप कळलं. पोराने कुंडीतल्या झाडाचं नाव ओळखायला घेतलं होतं. झाड कधीच मेलंय.

आमसूल

टकाटक :D

खिडकीतली, मिरच्या सांडग्या की नुसत्या? माझ्या दर वर्षी काळ्या पडतात.

खिडकीतली

सांडग्या. काळ्या पडतात म्हणजे ऊन कमी लागतंय, रात्री ताकात टाकून सकाळी परत कडक उन्हात घालायच्या. आणि पेपरवर डायरेक्ट नाही हं, शाई लागते. खाली पेपर, वर जुनं धोतर. कृती वेगळी लिहिते, इथे शेवंती ओरडेल.

शेवंती

ओरडत नाही, लिही. धोतर नाहीये पण, ओढणी चालेल का?