सबक्लोव्हर: आधी वाण तपासा

जुन्या सबक्लोव्हरच्या (जमिनीत बोंडं पुरणारं शेंगवर्गीय चारापीक) हिरव्यागार कुरणावरही मेंढ्या गाभण का राहत नाहीत, असा प्रश्न आहे. खनिज मिश्रणाआधी वाण बघा. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात हाच घोळ झाला होता. यार्लूप, डिनिनप, ड्वॉलगनप या जुन्या वाणांच्या हिरव्या पानांत फॉर्मोनोनेटिन हे द्रव्य भरपूर. मेंढीच्या रूमेनमध्ये (पोटाच्या पहिल्या कप्प्यात) त्याचं इक्वॉल हे द्रव्य होतं आणि ते इस्ट्रोजेन या मादी संप्रेरकासारखं काम करतं. असा चारा हंगामामागून हंगाम खाल्ला की गर्भाशयमुखाची रचनाच बदलते, तिथला स्राव पातळ होतो, शुक्राणू पुढे पोचत नाहीत. बाहेरून मेंढी ठणठणीत! कुरण बदलूनही हे नुकसान भरून येत नाही. वाळलेल्या चाऱ्यात धोका बराच कमी. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी पडला की मात्र धोका वाढतो.

नव्या वाणांत फॉर्मोनोनेटिनचं प्रमाण सुक्या वजनाच्या ०.२ टक्क्यांच्या आत ठेवतात. पण वरून नवं बी फेकून भागत नाही. जुन्याची बोंडं मातीत पुरलेली असतात, त्यातलं कठीण कवचाचं बी पुढची काही वर्षं उगवत राहतं. म्हणून आधी किमान एक हंगाम जुन्याला बी धरू देऊ नका, मग नव्या बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) चोळून सेंटिमीटरभर खोल पेरा. पाणी साचत असेल तर सबक्लोव्हरच्या यॅनिनिकम उपजातीचाच वाण घ्या.