कॉर्क चालेल, पण आधी भिंतीची ओल बघा
खानापूरच्या घरात हॉलच्या भिंतींना कॉर्क टाइल्स चालतील का, असं विचारलंय तुम्ही. चालतील, पण पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला नकोच. कॉर्क म्हणजे ओकच्या एका जातीची साल. तिला पाण्याचं फारसं वावडं नाही, पण मागून ओल आली की गोंद सुटतो, बुरशी धरते. पावसाळ्यातच भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर थांबा. जुना चुना खरवडूनच काढा, नाहीतर टाइल चुन्यासकट हातात येते. कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह हा गोंद टाइलच्या पाठीला आणि भिंतीला, दोन्हीकडे लावून, बोटाला चिकटेनासं झाल्यावर टेकवा. बसली की सरकत नाही, म्हणून ओळंबा धरून मधोमध रेघ आधीच मारा. शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येऊ नये म्हणून लावत असाल तर मात्र पैसे वाया. खोलीतला घुमारा तेवढा कमी होईल.