चिखल्या आणि व्हिनेगर

चिखल्या, म्हणजे पायाच्या बोटांमधली बुरशी, झाल्या की व्हिनेगरमध्ये पाय बुडवायचा सल्ला काहीजण देतात. नुसतं व्हिनेगर नको, कातडी भाजते. करायचंच तर १ भाग व्हिनेगर, २ भाग पाणी, १० मिनिटं. भेग असेल तर तेही नाही. खरा उपाय कोरडेपणा. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात पांढरी, भिजल्यासारखी कातडी दिसली की समजा सुरुवात झाली. तिथे टॉवेलचं टोक घालून टिपायचं, चोळायचं नाही. क्लोट्रिमॅझोल १% हे बुरशीवरचं मलम दिवसातून २ वेळा लावायचं. खाज थांबल्यावरही २ आठवडे. इथेच बहुतेकजण सोडतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच! स्टिरॉइड मिसळलेलं मलम मात्र नकोच, लाली दबते, बुरशी पसरते. मधुमेह असेल तर घरगुती प्रयोग न करता थेट डॉक्टर.