घराची किंमत ठरवणाऱ्याला कॉलेजची पदवी हवीच का?

उंबरठा:
अमेरिकेत कर्ज देण्याआधी बँक अप्रेझर पाठवते. तो घर मोजतो, आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या तशा घरांशी ताडून पाहतो आणि किंमत लिहून सही करतो. जानेवारी २०१५ पासून ‘सर्टिफाइड’ या वरच्या पायरीच्या परवान्याला बॅचलर्स पदवी सक्तीची झाली. मे २०१८ मध्ये राहत्या घरांपुरती ती अट सैल झाली, पण ऑफिस, दुकानं, गोदामं यांच्यासाठी लागणाऱ्या ‘सर्टिफाइड जनरल’ला ती कायम आहे. माझा या सक्तीला विरोध आहे. पदवी कुठल्याही विषयातली चालते! मग ती या कामाची पात्रता कशी काय ठरते?

मी ट्रेनी असताना एका पोटमाळ्याची पूर्ण फरशी मोजून आकडा लिहिला होता. माझ्या सुपरवायझरने टेप हातात देऊन मला परत वर पाठवलं. उतरतं छत ५ फुटांपेक्षा खाली येतं तिथली जागा धरायची नाही, आणि धरलेल्या जागेपैकी निम्म्या भागावर तरी ७ फूट उंची हवी. मी गुडघ्यांवर रांगत ती ५ फुटांची रेघ शोधली. खोली जवळजवळ अर्धी झाली. हा सुपरवायझर आधी छपरं घालायचा, कॉलेजची पायरी चढलेला नव्हता.

ताळेबंद:
पोटमाळ्याचं उदाहरण पटलं, पण ते राहत्या घराचं आहे आणि तिथे वाट मोकळी झालीच आहे. त्याखालच्या ‘लायसन्स्ड’ परवान्यावर ५ वर्षं शिस्तभंगाची कारवाई न होता काम केलं की पदवीशिवाय सर्टिफाइड रेसिडेन्शियल होता येतं.

ऑफिसच्या इमारतीचं बघा. खर्च वजा जाता वर्षाचं उत्पन्न ६ लाख डॉलर. त्याला परताव्याच्या दराने भागून किंमत काढतात. परताव्याचा दर ६ टक्के धरला तर किंमत १ कोटी. ७ टक्के धरला तर साधारण ८५ लाख ७० हजार. एका टक्क्यात १४ लाखांवर डॉलर इकडचे तिकडे. तो दर का धरला हे कागदावर असं मांडावं लागतं की उद्या कोर्टात वकिलाने पान न् पान उलटलं तरी टिकेल. लिहिण्याची आणि आकड्यांची ही सवय चार वर्षांच्या अभ्यासातूनच येते. १९८० च्या दशकात फुगवलेल्या अप्रेझलवर भरमसाट कर्जं वाटली गेली, हजारावर बचत-कर्ज संस्था बुडाल्या. ते विसरून कसं चालेल?

उंबरठा:
विसरलो नाही. पण त्यावर १९८९ चा कायदा आला तो परवाना आणि परीक्षेचा. पदवीची सक्ती त्यानंतर पंचवीस वर्षांनी आली. आकडे फुगले त्यात कर्ज देणाऱ्यांचा दबाव मोठा होता. मलाही एका लोन ऑफिसरचा फोन आला होता, ‘एवढी किंमत बसते का बघा.’ मी गप्प झालो. सुपरवायझरने फोन घेतला आणि शांतपणे सांगितलं, किंमत रिपोर्टमध्ये दिसेल. पुढची कामं जातील हे माहीत असून. गेलीही.

तिसरी_फेरी:
तुम्ही दोघं पदवीवर भांडताय, माझी गाडी अडली ती सुपरवायझरपाशी. माझ्याकडे अर्थशास्त्राची पदवी आहे. तरी दीड वर्ष दारोदार फिरले. जनरलसाठी कमीत कमी १८ महिन्यांत ३,००० तास हवेत, त्यातले निम्मे बिगर-रहिवासी कामाचे, आणि ते सगळे कुणाच्या तरी हाताखाली. तो माणूस निदान ३ वर्षं सर्टिफाइड असायला हवा, आणि सहसा एका वेळी तीनच ट्रेनी घेऊ शकतो. उद्याचा प्रतिस्पर्धी आपल्याच वेळेत कोण घडवेल? एकाने तोंडावर सांगितलं, ‘मुलीला शिकवतोय, दुसऱ्या कुणाला नाही.’ ज्याच्या घरात कुणी अप्रेझर नाही त्याने काय करायचं? २०२१ पासून नियमानुसार अनुभवाच्या तासांऐवजी संगणकावरचा सराव-अभ्यासक्रम चालतो, जनरलसाठी मात्र काही तासांपुरताच; तरी तो मला फार मोलाचा वाटतो.

ताळेबंद:
हे मात्र शंभर टक्के खरं. तरी मूळ मुद्दा सोडत नाही.

उंबरठा:
मग मधला रस्ता आहेच की. राहत्या घरांसाठी पूर्ण पदवीऐवजी कॉलेजच्या ३० क्रेडिटचा पर्याय ठेवलाय: इंग्रजी लेखन, अर्थशास्त्र, वित्त, गणित, संख्याशास्त्र, कायदा वगैरे. तुम्ही म्हणता ती सवय लावणारे नेमके हेच विषय. जनरललाही हेच लागू करा, हवी तर परीक्षा आणखी कठीण करा. ती द्यायला मी तयार आहे. चार वर्षांची फी भरून असंबद्ध विषय शिकायला नाही.

ताळेबंद:
३० क्रेडिटने संख्याशास्त्राची तोंडओळख होते. १ कोटीच्या इमारतीला तेवढी पुरणार नाही, ६० म्हणालात तर विचार करेन. आणि पदवी कुठल्याही विषयातली चालते, ती पळवाट आधी बंद व्हावी, यावर मी तुमच्या बाजूने आहे.