मदत हवी आहे: एरोस्पेसचा एम.टेक. प्रस्ताव स्वीकारावा की थांबावे? उद्या रात्रीपर्यंतच वेळ आहे

पाथर्डीफाटा (धागाकर्ता):
नमस्कार. मला एरोस्पेसमध्ये संशोधन करायचे आहे, यात आता काही बदल होणार नाही. कोॲपवर (आयआयटींच्या एम.टेक. प्रवेशाचे सामायिक संकेतस्थळ) मला स्ट्रक्चर्स शाखेचा, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची रचना आणि मजबुती या विषयाचा, प्रस्ताव आला असून त्याला उद्या रात्रीपर्यंत उत्तर द्यायचे आहे. तो घेतला तर नको असलेल्या विषयात अडकेन आणि सोडला तर हातात काहीच उरणार नाही, अशी भीती वाटते. चेन्नईच्या आयआयटीतही अर्ज केला आहे, तिचा निकाल अजून लागलेला नाही. ज्यांना या क्षेत्राची खरी माहिती आहे त्यांनी कृपया आजच उत्तर द्यावे.

गोदाकाठ:
तुमची घाई समजते, पण एवढ्या माहितीवर कोणीही प्रामाणिक सल्ला देऊ शकणार नाही. गेट (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) कोणत्या पेपरची दिलीत? चेन्नईला एम.टेक.साठी अर्ज केला आहे की संशोधनाधारित एम.एस.साठी? आणि तुम्हाला नको असलेला विषय कळला, हवा असलेला कोणता?

सातपूरकर:
माझा भाचा बारावीनंतर विमान देखभाल अभियंत्याच्या अभ्यासक्रमाला गेला, डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) परवाना मिळवला आणि आज तो उत्तम स्थितीत आहे. दोन वर्षे पुन्हा वर्गात बसण्यापेक्षा परवान्याचा मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विमानाजवळ राहायचे असेल तर याहून जवळ कोणी जाऊ शकत नाही.

गोदाकाठ:
सातपूरकर, परवानाधारक अभियंता विमान उड्डाणास योग्य आहे हे प्रमाणित करतो. ते मोठ्या जबाबदारीचे काम आहे, पण ते संशोधन नव्हे आणि धागाकर्त्याने त्याबद्दल विचारलेलेही नाही.

पाथर्डीफाटा (धागाकर्ता):
मेकॅनिकलची पदवी २०२४ ची आहे. गेट मेकॅनिकलच्याच पेपरची दिली. प्रस्ताव आलेलाच आहे, त्यामुळे गुणांची चर्चा नको. चेन्नईला एम.एस.ची मुलाखत झाली. सपाट पट्टीवरच्या सीमास्तराची (पृष्ठभागालगत प्रवाह मंदावतो तो थर) आकृती काढायला सांगितली, ती मी नीट काढली. त्या स्तराची जाडी अंतराबरोबर कशी वाढते असे विचारल्यावर मात्र मी सरळ प्रमाणात वाढते असे सांगून बसलो. मला हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या पाचपटीहून वेगवान, प्रवाहावर काम करायचे आहे. आता तरी सांगा.

संमिश्र_संशोधक:
मी स्ट्रक्चर्समध्येच पीएच.डी. करतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. लॅमिनार (शांत, थराथरांनी वाहणाऱ्या) प्रवाहात ती जाडी अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पण एका चुकीमुळे मुलाखत बुडत नाही, तुम्ही पुढचा विचार कसा मांडता हेही तेथे पाहिले जाते. दुसरे म्हणजे एम.एस.ची निवड ती संस्था स्वतंत्रपणे करते, ती कोॲपवर दिसत नाही. त्यामुळे ‘रिटेन अँड वेट’ (ही जागा राखून कोॲपच्या पुढच्या फेरीची वाट पाहणे) निवडून तुम्ही त्या निकालाची वाट पाहत असाल, तर त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हायपरसॉनिक म्हणजे केवळ प्रवाह, अशी तुमची समजूत दिसते. डीआरडीओने ७ सप्टेंबर २०२० रोजी एचएसटीडीव्ही या हायपरसॉनिक प्रायोगिक यानाची चाचणी घेतली, तेव्हा ते यान ध्वनीच्या सुमारे सहापट वेगाने वीस सेकंदांहून अधिक काळ गेले. त्या वेगात पृष्ठभाग इतका तापतो की धातू मऊ पडू लागतो, कवच असमान प्रसरण पावून वाकते, आणि कवच वाकले की त्यावरचा प्रवाहही बदलतो. म्हणजे प्रवाहाचा प्रश्न आणि संरचनेचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, आणि त्या गुंत्यावर काम करणाऱ्याला दोन्ही बाजू याव्या लागतात. स्ट्रक्चर्समध्ये राहून एरोइलॅस्टिसिटी (हवेचा प्रवाह आणि वाकणारी संरचना यांचा परस्पर परिणाम) किंवा औष्णिक संरचना हा विषय घेतलात, तर तुम्ही हायपरसॉनिकपासून दूर जात नाही, दुसऱ्या दाराने आत शिरता. तेव्हा शाखेच्या नावाकडे पाहण्याआधी त्या विभागात या विषयावर कोण काम करते, त्यांचे गेल्या तीन-चार वर्षांतले शोधनिबंध कोणते आणि ते या वर्षी विद्यार्थी घेणार आहेत का, हे आज रात्रीच शोधा.

मुळा_ते_म्युनिक:
भारतात हे सर्व करण्याचा अट्टहास कशासाठी? जर्मनीत स्टुटगार्ट, म्युनिक येथे आणि शेजारच्या नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला या विषयाचे शिक्षण उत्कृष्ट आहे आणि जर्मनीत शुल्क जवळजवळ नसतेच. हा प्रस्ताव सोडून हिवाळी सत्रासाठी अर्ज करावा.

गोदाकाठ:
शुल्क नसते हे आता सरसकट खरे नाही. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तेथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अशा विद्यार्थ्यांसाठी शुल्क सुरू केले आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात आधी दाखवावे लागतात आणि भारतीय अर्जदारांना एपीएस (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) प्रमाणपत्र लागते. उद्या रात्रीपर्यंत उत्तर देणाऱ्याला यातले काहीच उपयोगाचे नाही.

मुळा_ते_म्युनिक:
आकडे मान्य आहेत, पण गेट उत्तीर्ण एम.टेक. विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. त्यात पवईत किंवा बंगळुरूत कसे भागते, हेही सांगा.

संमिश्र_संशोधक:
वसतिगृहात राहून भागते, शिल्लक मात्र राहत नाही. पीएच.डी.ला पहिली दोन वर्षे ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, त्यामुळे ती ओढाताण एम.टेक.पुरतीच असते. मला पहिल्या वर्षी आईकडून दोनदा पैसे मागवावे लागले होते, ते लपवण्यासारखे नाही.

ओझरचा_काका:
मी नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो आहे. मुला, स्ट्रक्चर्सला ‘नको असलेला विषय’ म्हणू नकोस. आमच्या विभागात सुटा भाग तपासताना त्यावर लाल द्रव लावायचो, थोडा वेळ मुरू द्यायचो, पुसून स्वच्छ करायचो आणि वरून पांढरी पूड मारायचो. मग रिव्हेटच्या भोकापाशी केसाएवढी लाल रेघ उमटायची. बोटाला न लागणारी, डोळ्यांना न दिसणारी ती भेग पाहिली की पोटात गोळा यायचा, कारण त्या भागाच्या भरवशावर कोणीतरी आकाशात जाणार असे. ती भेग किती तासांच्या उड्डाणांनंतर किती वाढेल, हे तुमच्या विषयाचे लोक आम्हाला सांगत. आमचा कारखाना १९६४ मध्ये मिगसाठीच उभा राहिला, पुढे सुखोई झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये तयार झालेले पहिले तेजस मार्क १ए उडाले. त्या तेजसच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग संमिश्र पदार्थांचा आहे. त्यावर अभ्यास करायला माणसे लागतातच.

पाथर्डीफाटा (धागाकर्ता):
काका, तुमचे म्हणणे मनाला लागले. माझे वडीलही रोज सकाळी ओझरच्याच बसने जात, तरी मी त्यांना त्यांच्या कामाबद्दल असे कधी विचारले नाही. संमिश्र_संशोधक, विभागाच्या पानावर एक प्राध्यापिका सापडल्या. तापलेल्या पातळ पत्र्यांच्या कंपनांवर त्यांचे काम आहे. त्यांना ईमेल केला आहे. एक अडचण राहून गेली. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत आहे. रुजू होताना त्यांनी मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या आणि सोडताना तीन महिन्यांची सूचना मागतात. प्रवेश जुलैअखेर आहे.

गोदाकाठ:
ही गोष्ट पहिल्याच वाक्यात यायला हवी होती! विषयाचा प्रश्न एका रात्रीत सुटेल, कागदपत्रांचा सुटणार नाही. आजच लेखी राजीनामा द्या, संस्थेत प्रत्यक्ष रुजू होण्याची तारीख त्यात लिहा आणि मूळ कागदपत्रे परत मागा. बोलून झालेले धरू नका, ईमेलच करा. संस्थेच्या शैक्षणिक कार्यालयालाही लिहून विचारा की मूळ प्रती उशिरा दाखवल्या तर हमीपत्र चालेल का. मी माझ्या वेळी तोंडी आश्वासनावर राहिलो आणि प्रवेशाच्या दिवशी रिकाम्या हाताने रांगेत उभा होतो.

सातपूरकर:
अंबडमध्ये कागदपत्रे ठेवून घेणारे बरेच आहेत. मनुष्यबळ विभागाऐवजी थेट कारखाना व्यवस्थापकांना भेटा. माझ्या शेजाऱ्याची दोन दिवसांत मिळाली.

संमिश्र_संशोधक:
चेन्नईचा निकाल नंतर अनुकूल लागला, तर तेव्हा दोन्ही संस्थांचे माघारीचे आणि परताव्याचे नियम वाचून ठरवता येईल. आज हातात असलेली जागा त्यासाठी सोडू नका.

पाथर्डीफाटा (धागाकर्ता):
प्राध्यापिकाबाईंचे उत्तर रात्री साडेनऊला आले. दोनच ओळी आहेत: या वर्षी दोन विद्यार्थी घेणार आहे, पहिल्या सत्रात फायनाइट एलिमेंट (संरचनेचे लहान तुकडे पाडून गणित करण्याची पद्धत) आणि संगणकीय द्रवगतिकी हे दोन्ही विषय घ्यावेत. मी ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीज’ केले, म्हणजे हीच जागा पक्की केली. राजीनाम्याचा ईमेल गेला, सोमवारी व्यवस्थापकांना भेटतो. आता शेवटची विनंती: मेकॅनिकलला स्थितिस्थापकतेचा विषय आम्ही वरवर शिकलो होतो. नाशिकमध्ये कोणाकडे त्याच्या चांगल्या टिपणवह्या असतील तर जुलैपर्यंत मिळतील का?

संमिश्र_संशोधक:
माझ्या दोन वह्या इंदिरानगरच्या घरी आहेत. दुसरीत ताणाच्या रूपांतराची काही पाने पाण्याने खराब झाली आहेत, ती मी पुन्हा लिहून देतो. शनिवारी संध्याकाळी या, आई घरी असेल.